आठवा आवाज

शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं काढली आणि एकही प्रयोग केला नाही. प्रयोग मुलांनी केले, समजावून सांगायचं काम टीचरांनी केलं. मी तयारी केली. ब्युरेट धुतल्या, आम्लं पातळ केली, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि तास संपल्यावर फुटलेल्या परीक्षानळ्या झाडून काढल्या. कागदोपत्री या पदाला प्रयोगशाळा सहायक म्हणतात. मुलं मला पास्कलकाका म्हणायची. दोन्हींतलं दुसरं नाव मला जास्त आवडायचं.

बाहेरच्यांना वाटतं, हा माणूस कपाटाच्या किल्ल्या सांभाळतो. किल्ल्या होत्याच, पण खरं काम नाकाचं आणि कानाचं. वीस स्पिरिटचे दिवे पेटलेले असताना फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं, तरी कुठल्या टेबलावर आगाऊपणा चाललाय ते कळावं लागतं. गॅस कुठे सुटला ते डोळ्यांच्या आधी नाकाला समजावं लागतं. त्यामुळे माझा पहिला नियम ठरलेला होता. सकाळी कुलूप काढलं की आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या, आणि संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत त्या उघड्याच राहतील. पाऊस आत येतो म्हणून एखाद्या टीचरने खिडकी लावून घेतली, तर मी काही न बोलता जायचो आणि उघडून यायचो. खिडक्यांवरून पास्कलच्या नादी लागू नये, असं स्टाफरूममध्ये म्हणत. मला त्याचा अभिमानच होता.

आमची शाळा वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, गासच्या बाजूची. मागे अजून भाताची दोन-चार खाचरं शिल्लक आहेत. मुलं निम्मी गावांतली, निम्मी आचोळ्याच्या आणि पलीकडच्या इमारतींतली. पण प्रयोगशाळेची गिऱ्हाइकं फक्त मुलं नव्हती. वाडीवाले शेतकरी केळीचं करपलेलं पान घेऊन यायचे आणि म्हणायचे, "पास्कल, जरा त्या दुर्बिणीखाली बघ." सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण म्हणू नका, हे सांगायचं मी पहिल्या दोन वर्षांतच सोडून दिलं. एक मावशी दर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी औषधाच्या बाटलीतून आणायच्या. आमच्याकडच्या विहिरी खाऱ्या होत चालल्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की पाणी जितकं खारं तितकं दुधाळ होतं. मावशी वाकून बघायच्या आणि विचारायच्या, "गेल्या सालापेक्षा जास्ती पांढरं वाटतं काय रे?" असायचं जास्ती. मी म्हणायचो, "साधारण तेवढंच आहे." समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून गप्प बसायचं, ही माझी जुनी खोड आहे. चांगुलपणा म्हणून मी ती बरीच वर्षं मिरवली.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. वरच्या वर्गांना बेडकाचं विच्छेदन असायचं, त्या काळात बेडूक मीच आणून द्यायचो. पावसाळ्यात सकाळी सहाला, चर्चमध्ये मिस्सेला जाण्याआधी, पोतं घेऊन मागच्या खाचरांत उतरायचं. बेडूक दिसत नाही, तो ऐकावा लागतो. कुठला मोठा, कुठला लहान, कुठला बांधावर, कुठला पाण्यात, हे माझ्या कानाला बसलं होतं. पुढे विच्छेदन बंद झालं. बरं झालं. माझ्या हातून किती जीव गेले ते आठवलं की अजून वाईट वाटतं. पण कान तयार झाला तो झालाच.

नोकरीची शेवटची काही वर्षं मात्र मला देवाने बोनस म्हणून दिली असावीत. टाळेबंदीत शाळा बंद पडली आणि सगळं शिकवणं फोनवर आलं. सिल्विया टीचर आमच्या जीवशास्त्राच्या. त्या म्हणाल्या, "पास्कल, प्रयोग दाखवायचे कसे?" मी ब्युरेटच्या स्टँडला फोन अडकवला, चिमट्याने घट्ट केला आणि कॅमेरा टेबलाकडे वळवला. आयुष्यात पहिल्यांदा मुलांना माझे हात दिसले. शाळा परत भरली तरी ते स्टँड मी मोडलं नाही. त्याच अनुभवाच्या जोरावर, मी निवृत्त झालो त्याच ऑगस्टात, आमची नववी घनदाट पर्जन्यवनात जाऊन आली.

टीचरांची कॉलेजातली मैत्रीण मीनल बेडकांवर संशोधन करते. दक्षिणेकडच्या सह्याद्रीत बारमाही हिरवं असं जुनं जंगल आहे, तिथे तिचा आठवडाभराचा मुक्काम होता. जंगलात राहायला परवानगी लागते, ती तेवढ्याच दिवसांची. तिथल्या झऱ्याकाठी एका खडकावर फोनला रेंज येते, त्याच्या आसपास जेमतेम, बाकी कुठेच नाही. मीनलमॅडम म्हणाल्या, "रोज दुपारी तीन वाजता मी खडकावर येईन. तुमची मुलं माझ्याबरोबर काम करतील." नुसतं बघायचं नाही, काम करायचं. मला ते फार आवडलं.

काम असं होतं. एका जातीचे बेडूक झऱ्यावर लोंबणाऱ्या पानावर अंडी घालतात. पिल्लं तयार झाली की सरळ खालच्या पाण्यात पडतात. मॅडमनी खडकावरून दिसेल असं एक पान हेरून ठेवलं होतं आणि मुलं रोज त्यावरची अंडी बघून वहीत लिहायची. दुसरं काम कानाचं. दहा मिनिटं सगळ्यांनी चिडीचूप बसायचं, जंगलातले आवाज ऐकायचे आणि किती प्रकारचे बेडूक बोलतात ते मोजायचं. मॅडम म्हणाल्या, माणूस एकटा ऐकतो तेव्हा चुकतो, चाळीस कान असले तर बरं.

पहिल्या दिवशी लॅपटॉपला जोडलेल्या पडद्यावर जंगल दिसलं, पण ऐकूच येईना. मॅडमचा आवाज स्वच्छ, आणि मागे शांतता. मी रात्रभर नाही, पण संध्याकाळभर त्या लॅपटॉपशी झटलो. शेवटी उलगडा झाला. बोलणाऱ्या माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीची गडबड गाळून टाकायची, अशी सोय या व्हिडिओ कॉलमध्ये असते. तिच्या लेखी बेडूक म्हणजे गडबड! मी ती सोय मॅडमना त्यांच्या फोनवर बंद करायला सांगितली आणि आमच्या लॅपटॉपवरही बंद केली. आमच्याकडची बंद करायची खरं म्हणजे काही गरज नव्हती. पण मी म्हटलं, दोन्हीकडे सारखं असलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी स्पीकरमधून जंगल प्रयोगशाळेत आलं. पाण्याचा आवाज, पानांवरचे थेंब, रातकिड्यांची किरकिर आणि मधूनमधून बेडूक. कुणी टिचकी वाजवल्यासारखा, कुणी दार करकरल्यासारखा. पंख्याचा आवाज नको म्हणून मी पंखे बंद केले. पंखे बंद म्हणून खिडक्या जास्तच सताड उघडल्या. आचोळ्याची एक मुलगी म्हणाली, "काका, इट्स लाइक आपण आतच आहोत." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. चौथ्या दिवसापर्यंत मुलांनी सात आवाज पक्के केले. मॅडमनी प्रत्येकाचं नाव सांगितलं, मुलांनी घरगुती नावं ठेवली.

पाचव्या दिवशी बाहेर चांगलाच पाऊस लागला होता. तिकडेही आणि इकडेही. दहा मिनिटं सुरू झाली. सातवं-आठवं मिनिट असेल, खिडकीजवळच्या बाकावरून प्राचीने हात वर केला.

ही प्राची खाडीकडच्या गावातली, घरची भातशेती. वर्गात तिने कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. घरी जे बोलतात तेच तोंडात येईल आणि मुलं हसतील, याची तिला धास्ती. तो हात बघून टीचरही चकित झाल्या.

"अजून एक हाय," प्राची म्हणाली. "आठवा. किर्र किर्र करून थांबतो, परत करतो."

सगळ्यांनी कान टवकारले. आणि खरंच, आला. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. तिकडे खडकावर मॅडम दोन्ही कानांत इअरफोन घालून, वरून रेनकोटाची टोपी ओढून बसल्या होत्या. त्यांनी हात उंचावला.

"आला! मीही ऐकला! शाब्बास गं, नाव काय तुझं?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. प्राचीचा चेहरा लाल झाला. मॅडमनी वहीत लिहिलं आणि मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मुलांनो, हा बेडूक इथे असायला नको. हा मोकळ्या शेतातला, भाताच्या खाचरातला. दाट जंगलात तो येत नाही. इथे तो बोलत असेल, तर वर कुठेतरी झाडं तोडून जागा मोकळी केलीय. उद्या माझा शेवटचा दिवस. मी पहाटेच झऱ्याच्या कडेने वर चढून शोधते. अंड्यांचं पान उद्या आपल्याला बघता येणार नाही, पण हे जास्त महत्त्वाचं आहे."

मुलं हिरमुसली, पण त्यांना पटलं. कॉल संपला.

मी खिडकीपाशी उभा होतो. तो बेडूक मी पहिल्या हाकेलाच ओळखला होता. स्पीकरमधून नव्हे, माझ्या पाठीमागून, खिडकीतून आला होता तो. मागच्या खाचरातला. वर्षानुवर्षं मी ज्याला पोत्यात घालत होतो त्याचाच वंशज. उघड्या खिडकीतून आत आला, आमच्या लॅपटॉपने त्याला न गाळता उचलला आणि थेट मॅडमच्या कानात नेऊन सोडला. खिडकी माझी, न गाळण्याची हुशारीही माझीच.

आणि मी गप्प बसलो. त्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळत होत्या, हे एक कारण. दुसरं कारण कमी सोज्वळ आहे. महिनाअखेर मी निवृत्त होणार होतो, सगळी शाळा माझ्या जंगलाचं कौतुक करत होती, आणि शेवटी शेवटी तोंडघशी पडायची माझी तयारी नव्हती. टीचर एव्हरशाईन वसाहतीत घरी जायला निघाल्या तेव्हाही मी म्हटलं, "सावकाश जा, पाऊस आहे." बस, एवढंच.

अर्ध्या तासाने प्राची परत आली. दप्तर, छत्री, चिखलाने माखलेले पाय. दारातच उभी राहिली.

"काका, तो बेडूक आपला हाय."

"कुठला?"

"आठवा. मी सायकल काढाया मागं गेले, तवा खाचरात तोच बोलत व्हता. मी बांधावर जाऊन उभी ऱ्हायले. तोच हाय. आमच्या शेतात पन असतो तो, पन आत मला वाटलं, स्पीकरमधून येतोय म्हंजे तिकडचाच असनार."

मी म्हटलं, "बरं. उद्या टीचरना सांगू."

"उद्या कसं? मॅडम पहाटेच चढनार. किती पानी असंल तिथं वाहाळाला." आमच्याकडे झऱ्याला, ओढ्याला वाहाळ म्हणतात. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमाला म्हाईत व्हतं काय, काका?"

मावशींना मी कितीदा तरी "साधारण तेवढंच" म्हणालो होतो. तेच आताही ओठावर आलं. पण त्या पोरीच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसता प्रश्न होता. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

"होतं," मी म्हटलं.

 तिने छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि बाकावर बसली.

आता मॅडमना गाठायचं कसं? फोन लागेना. खडकावरून उतरलं की त्या जगाबाहेर. टीचरना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मीनल सहाच्या सुमारास खडकावर येते, घरी निरोप द्यायला. पण पाऊस असला तर कधी कधी येत नाही." मी निरोप लिहून पाठवला. त्याच्यापुढे एकच बारीक खूण. पोचला नाही. आम्ही दोघं ती खूण बघत बसलो.

साडेपाचला प्राचीचे वडील शोधत आले. रेनकोटमधून पाणी गळतंय, जीव टांगणीला लागलेला. "पास्कलभाऊ, पोर कुठं ऱ्हायली म्हनून मी..." मग तिच्यावर, "काय गं, काय झालं?"

प्राचीने सगळं सांगितलं.

"बेडकापायी थांबलीस?" ते म्हणाले.

"बेडकापायी नाय. त्या बाई उगाच डोंगर चढतील. माझ्यापायी."

ते खिडकीपाशी गेले, दोन मिनिटं बाहेर ऐकत राहिले. "आपलाच हाय तो," ते म्हणाले, रेनकोट काढून दाराच्या कडीला अडकवला आणि मुलीच्या बाजूला बसले. "मग थांब."

सहा वाजले. सव्वासहा झाले. पाऊस काही कमी होईना. मी मनातल्या मनात आमच्या चर्चमधल्या माऊलीचा धावा केला, खोटं कशाला सांगू. सहा वीसला दुसरी खूण उमटली आणि पुढच्याच क्षणी फोन वाजला. मी तो प्राचीच्या हातात दिला. तो मीच घ्यायला हवा होता, हे मला ती बोलायला लागल्यावर कळलं.

"मॅडम, मी प्राची. तो आठवा आवाज तिकडचा नाय. आमच्या शाळंच्या मागच्या खाचरातला हाय. खिडकी उघडी व्हती. माझी चूक झाली. तुमी वर जाऊ नका."

 माझ्याने राहवेना. मी फोन घेतला. "मॅडम, चूक तिची नाही. तिने जे ऐकलं ते सांगितलं. मी तेव्हाच ओळखला होता आणि बोललो नाही. तुमच्या कॉलमधली ती गाळणी आमच्या बाजूचीही मीच बंद केली होती."

 मग मॅडम म्हणाल्या, "काका, मी उद्या ज्या कड्यावरून चढणार होते, तिथे आज दुपारीच माती सुटलीय. तरी मी जाणार होते." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "प्राचीला द्या."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"प्राची, आमच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण लिहायचं. काय लिहू?"

प्राचीने वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, "सांग की, तुला विचारतायत त्या."

"लिवा," ती म्हणाली, "बेडूक वसईचा. खिडकीतून आला. दुपारी वाटला जंगलातला, संध्याकाळी कळलं." मग थांबून, "आनि ज्याला आधीच कळलं व्हतं त्याचं नाव नका लिवू."

 त्या मुलीने मला वाचवलं, आणि वाचवण्यासारखं मी काही केलेलं नव्हतं. आजवर मी कुणाचं मन राखायला म्हणून गप्प बसलो, त्यातलं बरंचसं माझंच मन राखण्यासाठी होतं, हे नववीतल्या मुलीने मला न बोलता शिकवलं. तिचे उपकार मी फेडू शकत नाही. म्हणून निदान हे लिहितो आहे, आणि तिने वगळलेलं नाव स्वतः घालतो आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी बाटली घेऊन माझ्या घरी आल्या, तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत हाय रे. मी तुला बरं वाटावं म्हनून विचारत व्हते." असो.

तर जंगलातल्या त्या शेवटच्या दिवशी तीनला मॅडम खडकावर नव्हत्या, पानापाशी होत्या. रेंज जेमतेम, चित्र अडखळत येत होतं. टीचरनी आदल्या दिवशीची सगळी हकिकत मुलांना सांगितली होती, माझ्या नावासकट. मीच त्यांना तसं सांगितलं होतं. मुलं हसली नाहीत. कुणी प्राचीकडे वळून बघितलं, कुणी माझ्याकडे.

पानावरची अंडी हलत होती. मग एक पिल्लू सुटलं आणि टपकन पाण्यात पडलं. वर्गात एकच हलकल्लोळ. मग दुसरं, तिसरं. चित्र मध्येच थिजायचं, परत सुरू व्हायचं. मुलं मोठ्याने मोजत होती आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. कुणी म्हणे बारा, कुणी म्हणे दहा, एकाने तर पंधरा सांगितले.

मॅडमनी वही काढली. पेन्सिल धरून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"सगळे थांबा. प्राची, तू सांग. तू सांगशील ते लिहिते."

 प्राची उभी राहिली. घाई केली नाही. पडद्याकडे बघत तिने आपल्या वहीतल्या खुणा एकदा बोटाने मोजल्या.

"पडताना दिसले नऊ," ती म्हणाली. "चित्र दोनदा थांबलं. तवा किती पडले ते मला म्हाईत नाय."

मॅडमनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.